गुडघ्याखालचा हिमालय

[दृश्य: खिडकीवर पाऊस. बाकांवर मुलं, डोळ्यांना पुठ्ठ्याचे चष्मे]

भांडुप. जुलै महिना. सातवीचा वर्ग बसल्या जागी चालतोय. चष्म्यात मोबाइल, मोबाइलमध्ये उत्तराखंडची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. सगळ्यांच्या माना वर. बर्फाची शिखरं सोडून कोण कशाला दुसरीकडे बघेल?

"खाली बघा. पायापाशी." ताईंचा आवाज.

[दृश्य: भूर्जांची रांग, मग गवत]

ही सोलपटलेल्या पांढऱ्या सालीची भूर्जाची झाडं. या सालीवर एके काळी पोथ्या लिहीत. साधारण 3,500 मीटरच्या आसपास ती खुजी होत जातात, वाकतात आणि संपतात. पुढे झाड नाही. उघडं गवताळ कुरण, म्हणजे बुग्याल.

[दृश्य: पाठीवर कॅमेरा, चढण]

घाटीत मुक्कामाला परवानगी नाही. त्यामुळे कॅमेरा रोज पायथ्याच्या घांघरिया गावाहून चढायचा आणि अंधाराआधी उतरायचा. धुकं आलं की चित्रीकरण बंद. वाटेच्या कडेला पोटावर झोपून, लेन्स फुलाच्या उंचीवर आणून घेतलेली ही दृश्यं आहेत. उभं राहून घेतली असती, तर नुसतं हिरवं दिसलं असतं.

[दृश्य: खडकातली गादी, जवळून]

इथे उंच वाढलं की वारा मोडतो. म्हणून ही वनस्पती जमिनीला चिकटून, फांदीला फांदी लावून गादीसारखी पसरते. उन्हात गादीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते. तिच्या आडोशाला दुसरी रोपंही रुजतात.

[दृश्य: घांघरियाहूनच हेमकुंड तळ्याकडे जाणारी वाट, ब्रह्मकमळ]

"ताई, हे आमच्या गॅलरीत आहे!"

नाही. गॅलरीतलं ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिकोकडचं. रात्री उमलतं, सकाळी मान टाकतं. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो ते तेच. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. पाकळ्या वाटतात ती कागदासारखी पातळ सहपत्रं, म्हणजे फुलांभोवतीची पानं, आतली जांभळी फुलं थंडी-पावसापासून झाकणारी.

[दृश्य: कडा, वर बर्फ]

हवा तापतेय, तशा डोंगरावरच्या वनस्पती वर सरकताहेत. माथ्यानंतर जागा नाही.

[दृश्य: पुन्हा वर्ग. एक मुलगी बाकाखाली वाकलेली]

"पाय पडला तर?"

ताई सांगतात, मोसम जेमतेम काही महिन्यांचा, त्यामुळे हातभर गादी वाढायला कित्येक वर्षं जातात. मोडायला एक बूट पुरतो. म्हणून ही सहल आपण भांडुपलाच काढलीय.