थाळी पडली, बाळ दचकलं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पाळण्यामागे स्टीलची थाळी पडते. घरातले सगळे दचकतात आणि बाळ मात्र मूठ चोखत वर बघत राहतं. आईच्या पोटात गोळा येतो. पण फायलीत जन्मानंतरच्या कानतपासणीचा कागद असतो: ओएई चाचणी, दोन्ही कान पास. मग घरचे म्हणतात, "तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

आज मला त्या आईची बाजू घ्यायची आहे.

ओएई चाचणीत कानात बारीक टिकटिक सोडतात आणि आतून येणारा प्रतिध्वनी टिपतात. तो देतात बाहेरच्या ओळीतल्या केसपेशी, म्हणजे आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी. मेंदूकडे आवाज धाडायचं काम मात्र आतल्या ओळीचं. ओटीओएफ या जनुकात दोष असला की तिथे ओटोफर्लिन नावाचं प्रथिन नीट बनत नाही. आवाज पेशीपर्यंत येतो, पण नसेला निरोप देणारं रसायन सुटतच नाही. म्हणून चाचणी पास आणि बाळ बहिरं! हे पकडते बेरा चाचणी, कारण आवाजाचा निरोप नसेतून मेंदूकडे जातो का, ते ती बघते. बाळ झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड लावून ती करतात.

आईवडिलांना तर स्वच्छ ऐकू येतं, मग हे आलं कुठून? दोघांकडे त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असते. दुसरी चांगली प्रत वेळ निभावून नेते. बाळाच्या वाट्याला दोन्ही सदोष प्रती येण्याची शक्यता दर खेपेला चारात एक. कृपा करून सुनेला बोल लावू नका. नात्यात लग्नं झाली की ही शक्यता वाढते. जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यात धडकाई गाव आहे. तिथल्या अनेक मूकबधिरांच्या तपासणीत ओटीओएफमधला दोष सापडला.

याच जनुकावर आता इलाज निघतो आहे. जनुकाची चांगली प्रत पेशीत पोचवायला निरुपद्रवी केलेला विषाणू वाहक म्हणून वापरतात, पण हे जनुक इतकं मोठं की त्यात मावत नाही. म्हणून त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंतून आतल्या कानात सोडतात. पेशीत पूर्ण प्रथिन तयार होतं. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ६ मुलांच्या एकेका कानात हे केलं, ५ जणांना ऐकू येऊ लागलं. जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, तेव्हा मी त्यातला निकालांचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचला.

आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या जीजेबी२ जनुकाच्या दोषावर मात्र असा इलाज अजून हाताशी नाही. त्या मुलांसाठी श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायचं यंत्र) आजही आहे, आणि त्यात एकेक महिना मोलाचा असतो. तेव्हा थाळीच्या आवाजाला बाळ दचकलं नाही, तर पासचा कागद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, "बेरा करायची आहे."