परत जायचं की राहायचं: पिंगळे आणि खानखोजे

नमस्कार मंडळी. मला पंधरा मिनिटं दिली होती, त्यातली चार माईकनेच खाल्ली, त्यामुळे पाहुण्यांची ओळख वगैरे सोडून सरळ मुद्द्यावर येतो.

इथे अमेरिकेत आलेला प्रत्येक जण पहिल्या वर्षी म्हणतो की दोन-तीन वर्षं काढू, चार पैसे गाठीला बांधू आणि परत जाऊ. मी एकोणीस वर्षांपूर्वी म्हटलं होतं. तर आज मला अशा दोन मराठी माणसांबद्दल बोलायचंय जी शंभरेक वर्षांपूर्वी शिकायला म्हणून अमेरिकेत आली, त्यातला एक परत गेला आणि दुसऱ्याला परत जाताच येईना. दोघंही गदर पार्टीतले, म्हणजे हत्यारं उचलून इंग्रजांना हिंदुस्थानातून घालवायला निघालेल्या, इथल्या हिंदी लोकांच्या संघटनेतले. आपल्याकडे गदर म्हटलं की पंजाब डोळ्यासमोर येतो आणि ते बरोबरच आहे, कारण ऑरेगॉन, कॅलिफोर्नियात लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या पंजाबी माणसांनीच घामाच्या पैशातून ही चळवळ उभी केली. अध्यक्ष सोहनसिंग भकना स्वतः गिरणी कामगार. 1 नोव्हेंबर 1913 ला सॅन फ्रान्सिस्कोहून त्यांचं 'गदर' हे वर्तमानपत्र निघालं, आधी उर्दूत आणि मग गुरुमुखीत. त्यात चक्क नोकरीची जाहिरात असायची, शूर सैनिक पाहिजेत, पगार मरण, पेन्शन स्वातंत्र्य. आजच्या एचआरला दाखवा कुणीतरी!

तर पहिला माणूस विष्णू गणेश पिंगळे, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा. इंजिनिअरिंग शिकायला आला, गदरवाल्यांत मिसळला, आणि 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पार्टीने हाक दिली की इंग्रज तिकडे अडकलाय, चला घरी, तर हा बोटीत बसून नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला उतरलासुद्धा. पुढे बनारसला बंगालचे क्रांतिकारक नेते रासबिहारी बोस भेटले आणि बंगालचे क्रांतिकारक आणि पंजाबात परतलेले गदरवाले यांच्यातला दुवा झाला हा आपला मराठी पोरगा. बेत असा होता की छावण्यांतल्या हिंदी पलटणींनी एकाच दिवशी उठायचं. तारीख ठरली 21 फेब्रुवारी 1915. पण आत खबऱ्या घुसला होता, संशय आल्यावर तारीख दोन दिवस अलीकडे आणली, तीही फुटली आणि धरपकड सुरू झाली.

आता इथे कुणीही म्हटलं असतं की गाशा गुंडाळा. पिंगळे मात्र बॉम्बची पेटी घेऊन मेरठच्या छावणीत गेला, घोडदळाच्या लाइनीत, की इथले तरी शिपाई उठतील. 23 मार्चला तिथेच पकडला गेला. या कटाच्या लाहोरच्या खटल्यात 24 जणांना फाशी सांगितली होती, त्यातल्या 17 जणांची जन्मठेप झाली, उरलेल्या सातांना 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरच्या जेलमध्ये फाशी दिलं. त्यात गदरचा तरुण पंजाबी कार्यकर्ता कर्तारसिंग सराभा होता आणि पिंगळे होता. तिशीसुद्धा गाठली नव्हती हो.

दुसरे पांडुरंग खानखोजे, वर्ध्याचे. खरं सांगू का, मला हे जास्त जवळचे वाटतात, कारण यांचं आयुष्य फार वेडंवाकडं गेलंय. इथे शेतकी शिकले आणि शिवाय कॅलिफोर्नियातल्या एका मिलिटरी अकॅडमीत लष्करी शिक्षणही घेतलं. युद्ध सुरू झाल्यावर इराणकडून हिंदुस्थानात शिरायचा प्रयत्न केला, तिकडे इंग्रजांशी लढले, पकडले गेले, निसटले. मग बर्लिन, मॉस्को, असं करत 1924 मध्ये मेक्सिकोला पोचले आणि तिथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत प्रोफेसर झाले. मक्यावर, गव्हावर काम केलं, गरीब शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय, जेवणाच्या टेबलाशी बसून सगळ्यांसाठी भाकरी मोडताना. म्हणजे इंग्रजांच्या लेखी फरार असलेला वर्ध्याचा माणूस मेक्सिकोत भिंतीवर!

पण घर नाही. पिंगळेसारखं एकदाच काय ते होऊन गेलं असतं तर गोष्ट वेगळी, यांना मात्र वर्षानुवर्षं रोज सकाळी उठून परमुलखात कामाला जायचं होतं, आणि आईवडील, गाव, भाषा सगळं मागे. आपल्याला तिकीट महाग वाटलं की आपण एक वर्ष पुढे ढकलतो, त्यांना तो चॉइसच नव्हता. आणि कळस म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर यायला निघाले तर व्हिसा नाकारला, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव कुणी काढलंच नव्हतं! ज्या देशासाठी घर सोडलं त्या देशाचा व्हिसा. नंतर ते निस्तरलं, बायकामुलांसह नागपूरला राहिले आणि 1967 मध्ये तिथेच गेले.

एक कबुली देऊन बसतो. पुण्याला गेलो की आम्ही रांजणगावच्या गणपतीला जातो, नगर रोडने, आणि वाटेत शिक्रापूर लागतं. तिथून तळेगाव ढमढेरे थोड्या अंतरावर आहे, गाडी वळवली की दहा-पंधरा मिनिटं. हे भाषण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की या एकोणीस वर्षांत मी त्या फाट्यावरून निदान सहा वेळा गेलोय आणि एकदाही वळलो नाही.