उष्टावणाच्या आधी

नमस्कार, श्रोतेहो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बहिणींशी आणि त्यांच्या घरातल्या सर्वांशी आज मला बोलायचे आहे. अंगावर दूध असताना पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून कोणते साधन निवडावे, आणि मुख्य म्हणजे ते केव्हा निवडावे, हा आजचा विषय आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात एका उपकेंद्रावर मी २२ वर्षे आरोग्य सेविका होते. हा विषय निघाला की मला प्रत्येक वेळी एकच घर आठवते.

त्या घरची सून चैत्रात बाळंत झाली. मुलगा झाला, वजन चांगले भरले, दूधही भरपूर उतरले. दीड महिन्याच्या लसीसाठी ती बाळाला घेऊन आली, तेव्हा मी साधनाचा विषय काढला. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, अंगावर पितंय तोवर काळजी नाही. माझी चार लेकरं झाली, प्रत्येकाला दोन-दोन वर्षं पाजलं, मधे कधी दिवस गेले नाहीत." लसीची रांग दाराबाहेर गेली होती. त्या दिवसापुरते त्यांचे म्हणणे खरेही होते, म्हणून मी मान डोलावली आणि पुढचे वाक्य बोलायचे राहून गेले. ते वाक्य राहिले, याची रुखरुख मला आजही आहे.

ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची छाटणी सुरू झाली. आपल्याकडे छाटणी सुरू झाली की घरातले एकही माणूस रिकामे राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी आठला बाळाला पाजून ती बागेत जाई आणि पाच वाजून गेल्यावर परते. मधल्या वेळेत सासूबाई नातवाला वाटी-चमच्याने वरचे दूध पाजत. सहावा महिना लागला तसे त्याचे उष्टावणही झाले, मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली. पाळी अजून आलेली नव्हती, रात्री बाळ अंगावर पीतच होते, त्यामुळे घरात कोणालाच शंका आली नाही.

जानेवारीत ती माझ्यापुढे येऊन बसली. "सिस्टर, पित्त उठतंय. सकाळी पोटात काही ठरत नाही." तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कात्रीने पडलेला घट्टा होता आणि नऊ महिन्यांचे बाळ मांडीवर चुळबुळ करत होते. मी विचारले, "शेवटची पाळी कधी आली?" ती म्हणाली, "बाळंतपणानंतर आलीच नाही की!" मी निश्चय किटवर तपासणी केली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. बाळ त्या पट्टीकडे हात लांबवत होते, आणि ती मात्र तिच्याकडे बघायला तयार नव्हती. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी मला जो प्रश्न विचारला, त्याच्याइतका नेमका प्रश्न मला प्रशिक्षणातही कोणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, "मग माझ्या वेळी कसं निभावलं?"

श्रोतेहो, त्यांचा अनुभव खोटा नव्हता. त्यांच्या वेळी बाळाची झोळी बांधावरच्या झाडाला बांधलेली असे. ते रडले की खुरपे बाजूला ठेवून आई त्याला पाजे, रात्रीही ते कुशीतच पीत झोपे आणि वरचे दूध घरात फारसे नसे. बाळ जितक्या वेळा ओढून पिते, तितक्या वेळा आईच्या मेंदूला खूण पोचते, आणि त्या खुणेमुळेच बीजकोशातून बीज बाहेर पडणे थांबलेले असते. सुनेच्या बाबतीत बाळ तेच होते, दूध तेच होते, पण दोन पाजण्यांमध्ये नऊ-नऊ तासांचे अंतर पडू लागले होते. खूण विरळ झाली आणि बीज सुटले. बीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. म्हणूनच बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसण्याआधीही दिवस जाऊ शकतात. पुन्हा सांगते, पाळी आलेली नसली तरीही दिवस जाऊ शकतात.

अंगावरचे दूध हे साधन म्हणून चालते, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे. पाळी आलेली नको. बाळाला वरचे काहीही न देता केवळ अंगावर पाजलेले हवे, तेही दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड न पडता. या तिन्ही अटी पाळल्या, तर सहा महिन्यांत १०० स्त्रियांपैकी जेमतेम दोघींना दिवस जातात. तिन्हींपैकी एक जरी अट मोडली, तरी त्या दिवसापासून दुसरे साधन हवे. बहिणींनो, तीन अटी, आणि त्यातली एक मोडली तरी दुसरे साधन. उष्टावण ही आपल्या घरातली ठळक तारीख आहे, म्हणून मी सांगत असे की खिरीची वाटी काढण्याआधी साधन ठरलेले असू द्या. कामावर लवकर रुजू व्हायचे असेल, मग तो मळा असो की सातपूरचा कारखाना, तर त्याच्याही आधी ठरवा.

आता साधने. तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, हिचा दुधावर काहीही परिणाम होत नाही. ती प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर सहा आठवडे थांबून. एक प्रकार पाच वर्षे चालतो आणि दुसरा दहा. छाया या गोळीत संप्रेरक, म्हणजे हार्मोन, नाही, त्यामुळे ती पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी ती घ्यायची. अंतरा हे इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी घ्यायचे. त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात, हे आधीच माहीत असावे. निरोध केव्हाही चालतो.

माला-एन आणि माला-डी या गोळ्यांविषयी मात्र मी कळकळीने सांगते. त्यांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते. त्याने दूध कमी होण्याचा संभव असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. म्हणून अंगावर पाजत असताना बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत या गोळ्या घेऊ नयेत. जावेकडून मागून आणलेले पाकीट किंवा दुकानातून कागदात गुंडाळून आणलेले पाकीट घेताना 'अंगावर पाजतेस का' हा प्रश्न कोणी विचारतच नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याला शंभर वर्षे उलटली, आणि तरीही आपण या वस्तू लपवून आणतो, याचे मला फार वाईट वाटते. मुले पुरेशी झाली असतील तर पुरुषांनी नसबंदीचा विचार करावा, असेही माझे ठाम मत आहे. ती बिनटाक्याची असते, तिच्यानंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि बायकोच्या दुधाचा तर तिथे प्रश्नच येत नाही.

त्या सुनेने दुसरे बाळ ठेवायचे ठरवले. ते ऑगस्टमध्ये झाले, दोन लेकरांत सोळा महिन्यांचे अंतर. दोन वर्षे तरी मध्ये जावीत असे आम्ही सांगतो, ते का, हे तिच्या फिकट पापण्यांकडे बघून कोणालाही कळले असते. या वेळी गरोदरपणाच्या आठव्या महिन्यातल्या तपासणीला मी नवऱ्यालाही बोलावून घेतले. बोलणे तासभर चालले. शेवटी तांबीचे तिनेच ठरवले आणि बाळंतपणानंतर घरी जाण्याआधी बसवूनही घेतली. सासूबाई कार्ड हातात धरून मला म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतं तर, बाई!" मी त्यांना "हो" म्हणाले.

म्हणून आज ते सांगते आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिने, अशा तीन लसींना तुम्ही जाणारच आहात. साडेतीन महिन्यांच्या लसीला जाल तेव्हा उष्टावणाला अजून वेळ असतो. त्या दिवशी बाळाचे कार्ड पुढे करताना सिस्टरला किंवा आशाताईला आधी सांगा, "मी अंगावर पाजते, मला कोणते साधन चालेल?" रांग कितीही मोठी असली, तरी उत्तर मिळेपर्यंत उठू नका. नमस्कार.