छत्तिसातलं एक घर

(दृश्य: शाळेचं मैदान, सकाळचे अकरा. टेबलावर सौर पॅनल, त्याला जोडलेला छोटा पंखा.)

पाटाएवढं पॅनल. त्यावर ३६ निळसर घरं. ऊन चांगलं आहे, पंखा भिरभिरतोय.

नववीतला एक मुलगा पुठ्ठ्याचा तुकडा कापून आणतो, नेमका एका घराच्या मापाचा. तो त्या घरावर ठेवतो. पंखा मलूल होतो आणि थांबतो.

"सर, मेला!"

छत्तिसातलं एकच घर झाकलं, तर वारा छत्तिसाव्या हिश्शानं कमी व्हायला हवा होता ना? त्रैराशिक तर हेच सांगतं. सर उत्तर देत नाहीत. ते मुलांना परसबागेत नेतात आणि ठिबकची नळी मधेच चिमटतात. पुढच्या सगळ्या झाडांचं पाणी बंद.

दोन क्षण कुणी बोलत नाही. मग मागून आवाज येतो, "म्हणजे घरं एकामागोमाग जोडलीयेत."

'एकसर जोडणी' हा शब्द सर आत्ता उच्चारतात. पुस्तकात तो आधी येतो, आकृतीसकट, आणि परीक्षेनंतर निघूनही जातो.

(दृश्य: मल्टीमीटरचा आकडा. नंतर पाबळचा रस्ता, घुमटाकार घरं.)

आधी हातानं करायचं, शब्द नंतर: या पद्धतीचं मूळ शोधायचं तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जावं लागतं. मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये इथे आले. गाव अवर्षणप्रवण. त्यांनी 'विज्ञान आश्रम' सुरू केला, आणि त्यातूनच शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम आला. आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. वेल्डिंग शिकवायला गावातला वेल्डरही चालतो. किंबहुना तोच हवा.

इथे जरा स्पष्ट बोलू. विज्ञान प्रदर्शनातली थर्माकोलची पवनचक्की आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती वडील रात्री जागून करतात, मूल सकाळी पाठ केलेलं बोलतं आणि चक्की फिरत नाही. तिला प्रकल्प म्हणणं जिवावर येतं.

(दृश्य: शाळेचा वीजमीटर, अगदी जवळून. लाल दिवा लुकलुकतो.)

आता हा प्रयोग बघा, याला खर्च काहीच नाही. मीटरवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, किती लुकलुकी म्हणजे एक युनिट. या मीटरवर ३२००. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालवणं.

मुली आधी सगळं बंद करतात. मग हजार वॅटची इस्त्री लावतात. दिवा धडधडत्या छातीसारखा लुकलुकू लागतो. मिनिटाला ५३. इस्त्री काढून नऊ वॅटचा एलईडी लावतात. आता वाट पाहा. मिनिट जातं. एकीला वाटतं मीटर बिघडला. दोन मिनिटं भरता भरता एकदा लुकलुकतो.

"एवढीशीच वीज?" ती विचारते. मग इस्त्रीकडे बघते.

वही उघडते. शाळेत ट्यूबलाइट किती, पंखे किती, मधल्या सुट्टीत चालू राहतात कोणते. हिशोब लांबत जातो, घंटा होऊन गेल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. एका घराची ओसरी.)

त्यातलीच एक मुलगी घरी आली आहे. आईला सांगून तिनं सगळे दिवे, पंखे, टीव्ही बंद केले. अंधारात मीटरसमोर उभी आहे.

दिवा लुकलुकला.

"आई, काहीतरी अजून चालू आहे गं!"

आई म्हणते, "सगळं बंद केलंय मी." पोरगी टॉर्च घेऊन आत जाते. टीव्हीच्या मागे, सेट टॉप बॉक्सवर, एक हिरवा ठिपका जळतो आहे.