कात्रीच्या आधी बेसिन

नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी कात्री देत नाही, बेसिनपाशी उभं करते. काहींची तोंडं पडतात. 'मॅडम, केस धुण्यात शिकायचं काय?' अगं, घरी तू स्वतःचं डोकं धुतेस, इथे दुसऱ्याची मान तुझ्या हातात असते.

मानेपासूनच सुरू करू. बेसिनच्या कडेवर मान फार मागे पडली, की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. १९९३ साली अमेरिकेतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा पाच बायकांची नोंद छापली. पार्लरमध्ये केस धुतल्यावर त्यांना पक्षाघातासारखा त्रास झाला होता. असं क्वचितच होतं. पण माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक मावशी बेसिनवरून उठल्या आणि माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, 'सगळं फिरतंय गं.' ती पकड मी विसरलेले नाही. मानेखाली दुमडलेला टॉवेल ठेवल्याशिवाय आणि 'मान अवघडली नाही ना?' असं विचारल्याशिवाय मी पाणी सोडत नाही. मानेचं दुखणं असेल तर पुढे वाकवूनच धुवा.

पाणी आधी मनगटावर बघा. धुताना करंगळी धारेतच राहू द्या. गिझरचं पाणी अचानक तापतं, ते आधी तुम्हाला कळलं पाहिजे. दुसऱ्या हाताने कानाला आडोसा करा.

तेल चोपडलेल्या डोक्याला पहिल्यांदा फेस येणारच नाही. म्हणून शाम्पू ओतत सुटू नका. एकदा धुऊन टाका, दुसऱ्यांदा लावला की फेस येतो. मानेवरचे आणि कानामागचे केस नीट धुतले जातात का बघा, शाम्पू तिथेच राहतो.

आता मसाज. आत्ता सगळ्यांनी पाची बोटांची पेरं स्वतःच्या डोक्यावर टेकवा. दाबा, आणि बोटं न हलवता खालची कातडी सरकवा. सरकली? हाच मसाज. बोटं केसांवरून फिरली तर ते नुसतं घासणं, त्याने केस गुंततात. नखं तर लागताच कामा नयेत. आपण 'चेपणे' म्हणतो ना, शाम्पू हा शब्द त्याच जातीचा, हिंदीतल्या 'चाँपो'वरून इंग्रजीत गेलेला. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रायटनला लोकांची अंगं चेपून देत, राजाचेसुद्धा 'शाम्पूइंग सर्जन' झाले. केस धुणं हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.

डोक्यावर जखम, फोड किंवा गजकर्ण दिसलं तर हात लावू नका. ब्लीच करायचं असेल त्या दिवशी आधी डोकं चोळायचं नाही, कातडी चुरचुरते.

कंडिशनर लावण्याआधी केस पिळून घ्या, निथळत्या केसांवर तो वाहून जातो. कानाच्या खालपासून टोकांपर्यंतच लावा. झिजलेल्या टोकांवर ऋण विद्युतभार जास्त असतो, कंडिशनरमधले धन विद्युतभाराचे घटक तिथेच धरून बसतात. मुळांशी लावलात तर केस चापट पडतात.

आणि तुमचे हात. दिवसभर ओले राहून ते फुटतात, शिकाऊ मुलींचे सगळ्यात आधी. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, क्रीम लावा, हातमोजे घालायला लाजू नका.

चला, अंगठ्या काढा, जोड्या करा. जिचं डोकं धुतलं जाईल तिने डोळे मिटायचे, आणि पाणी कुठे चटका देऊन गेलं, मान कुठे ताणली, ते उठल्यावर जोडीदारणीला स्पष्ट सांगायचं.