आपण होऊन बोलावलं

नमस्कार श्रोतेहो. पुजारी, मौलवी, कीर्तनकार, भन्तेजी, फादर या मंडळींनी आपल्या उंबऱ्याबाहेरच्या गावाशी नातं कसं जोडावं, यावर आज बोलायचं आहे. हा विषय निघाला की वाळवा तालुक्यातली गोटखिंडी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

साल १९६१. गणेशोत्सवात पावसानं गाव झोडपलं. मूर्ती भिजणार, हे दिसतच होतं. तेव्हा गावातली मुस्लिम मंडळी म्हणाली, गणपती मशिदीत आणा. आणि गणपती मशिदीत बसला! पुढं १९८० पासून ती रीतच पडली. झुंझार चौकातल्या मशिदीत दहा दिवस गणपती. प्रसाद करायला, पूजेची तयारी करायला दोन्हीकडची माणसं. अनंत चतुर्दशीला वाजतगाजत विसर्जन. एकदा बकरी ईद नेमकी गणपतीतच आली. मुस्लिम बांधवांनी नमाज पढली, कुर्बानी मात्र दिली नाही. आता नीट ऐका. ज्यांची जागा होती, त्यांनी बोलावलं. आपण होऊन बोलावलं.

धर्मगुरूंनी करायचं ते एवढंच, आपण होऊन जायचं. दुसऱ्याच्या मयतीला जायचं, लग्नाला जायचं, दवाखान्यात बघायला जायचं. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री व्हायचं. गाव झाडणाऱ्या माणसाचं गाव ऐकतं.

आणि हो, भोंग्यांचा आवाज कमी करा, सगळ्यांनीच. घराघरात आजारी माणसं असतात, बारावीची पोरं असतात. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये देवळावरून संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला, तो टीव्ही-मोबाईल दीड तास बंद ठेवून पोरांनी पुस्तक उघडावं म्हणून. असा भोंगा प्रत्येक गावात वाजावा, असं मला मनापासून वाटतं.

आता कृष्णाकाठच्या गावांसाठी. २०१९ चा महापूर आपण कुणीच विसरलेलो नाही. पाणी चढायला लागल्यावर ओळखी करून घ्यायला सवड नसते. म्हणून मे महिन्यातच पुजारी, मौलवी, सगळ्यांनी ग्रामपंचायतीत एकत्र बसा. सभामंडपाची किल्ली कुणाकडे, मशिदीच्या माडीवर किती माणसं मावतात, भांडी कुठली, चुली कुठं, हे ठरवा. आणि हे बोलावणं सरपंचांनी धाडायची वाट बघू नका. आपण होऊन बोलवा.