११५५ सामन्यांनंतर

श्रोतेहो, नमस्कार.

२६ एप्रिल २०२३. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग नावाचं शहर आहे. तिथे नदीकाठी पीएनसी पार्क हे बेसबॉलचं मैदान आहे. बाकावर बसल्या बसल्या अ‍ॅलेघेनी नदी दिसते, तिच्यावरचा पिवळा पूल दिसतो, पलीकडच्या उंच इमारती दिसतात. त्या संध्याकाळी पिट्सबर्ग पायरेट्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स यांचा सामना होता. आठवी इनिंग चालली होती आणि पायरेट्स इतके पुढे होते की निकाल लागल्यातच जमा होता. एरवी अशा वेळी लोक गर्दीच्या आधी घर गाठायला उठतात. त्या दिवशी मात्र लोक एका माणसाच्या नावाचा गजर करत जागेवर थांबले होते.

मग पायरेट्सनी आपल्या संघातल्या सगळ्यात लाडक्या खेळाडूला, अँड्र्यू मॅककचनला, बसवलं आणि त्याच्या जागी बॅटिंगला पाठवलं ड्रू मॅगी याला. अख्खं मैदान उभं राहिलं. आणि मॅगी स्ट्राइकआउट झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर भोपळाही न फोडता परतला. तरी टाळ्या थांबल्या नाहीत.

मॅगी तेव्हा ३३ वर्षांचा होता आणि मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या श्रेणीतला, हा त्याचा पहिला सामना होता. त्याआधी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या श्रेणीच्या संघांमधून, तो ११५५ सामने खेळला होता. तेरावा हंगाम चालू होता त्याचा.

मी तरुणपणापासून क्लब क्रिकेटचं स्कोअरबुक लिहीत आलो. कांगा लीगच्या पावसात, तंबूत, गुडघ्यावर वही घेऊन. त्यामुळे आकडा ऐकला की त्याच्यामागचे दिवस डोळ्यांपुढे येतात. ११५५ हा आकडा ऐकला आणि मला तो माणूस समजून घ्यावासा वाटला.

इंग्रजीत अशा खेळाडूला जर्नीमन म्हणतात. हा शब्द मुळात कारागिरांच्या दुनियेतला. ज्याने काम शिकून घेतलंय, ज्याचा हात बसलाय, पण ज्याचं स्वतःचं दुकान नाही आणि जो रोजंदारीवर दुसऱ्याच्या दुकानात राबतो, तो जर्नीमन. बेसबॉलमध्ये असे शेकडो असतात, आणि त्यात इनफिल्डर पुष्कळ, म्हणजे बेसच्या, धावताना गाठायच्या चार टप्प्यांच्या, आसपास उभे राहणारे क्षेत्ररक्षक.

मॅगी मूळचा अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सचा. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाकडून खेळत असताना २०१० साली पायरेट्सनी त्याला निवडलं, १५ व्या फेरीत. त्या काळी निवडीच्या ५० फेऱ्या होत असत. म्हणजे पंधरावी फेरी वाईट नाही, पण त्या फेरीतल्या मुलासाठी कोणी पायघड्याही घालत नाही. अशा मुलाला खालच्या पायरीवर उभं करतात आणि सांगतात, चढ. पायऱ्या ठरलेल्या असतात: रुकी, सिंगल ए आणि तिचे पोटविभाग, मग डबल ए, मग ट्रिपल ए, आणि त्याच्या वर मेजर लीग. मेजर लीगचे क्लब ३०, आणि २०२० पासून प्रत्येकाच्या मुख्य यादीत जागा फक्त २६. त्यातल्या बहुतेक जागा ठरलेल्याच. एखाद्याचा खांदा दुखावला, एखाद्याच्या घरी दुःखाचा प्रसंग आला, तर दार किलकिलं होतं.

पायरेट्सनी सोडल्यावर मॅगीने एंजल्स, डॉजर्स, क्लीव्हलँड, ट्विन्स, फिलीज अशा क्लबांच्या मायनर संघांमधून दिवस काढले आणि शेवटी पुन्हा पायरेट्सकडे आला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हे. करार संपला की नारळ, मग नवा करार, नवं गाव, भाड्याची नवी खोली. आजवर किती शहरांतल्या टपालपेट्यांवर त्याचं नाव लागलं असेल! २०२० साली तर कोरोनामुळे मायनर लीगचा हंगामच रद्द झाला. तिशी ओलांडलेल्या खेळाडूचं एक अख्खं वर्ष असं गेलं, की ते कोणी भरून देत नाही.

आता पैशांचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय हे आयुष्य कळत नाही. २०२२ पर्यंत डबल ए मधल्या खेळाडूचं किमान वेतन वर्षाला साधारण १३,८०० डॉलर होतं. मेजर लीगमध्ये २०२३ सालचं किमान वेतन होतं ७,२०,००० डॉलर. हंगाम सहा महिन्यांचा धरून भागाकार केला तर दिवसाला ३,८०० डॉलरच्या वर जातं. म्हणजे वरच्या मजल्यावर चार दिवस काढले की खालच्या मजल्यावरचा वर्षाचा पगार भरून निघतो. वर ४३ दिवस काढले की पेन्शनचा हक्कही मिळतो. एकच खेळ, तसाच चेंडू, पण जिन्याच्या एका बाजूला महिन्याची तोंडमिळवणी होत नसे. खेळाडू वर्षानुवर्षं हे सोसत आले. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली, २०२२ च्या सप्टेंबरात मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले, आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक कराराने डबल ए चं किमान वेतन ३०,२५० डॉलर झालं. ही वाढ फार उशिरा झाली असं माझं स्पष्ट मत आहे. मॅगीसारख्यांची उमेदीची वर्षं जुन्याच दराने विकली गेली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी मुलीकडे गेलो होतो. तिला म्हटलं, मोठं मैदान राहू दे, मला अल्टूनाला ने. पिट्सबर्गपासून पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर हे रेल्वेचं जुनं गाव आहे. डोंगर चढताना गाडीला घोड्याच्या नालासारखं वळण घ्यावं लागतं, त्या वळणावरून तिथल्या संघाचं नाव पडलं, अल्टूना कर्व्ह. हा पायरेट्सचा डबल ए संघ. मॅगीला वरून बोलावणं आलं तेव्हा तो याच संघात होता. मैदान छोटंसं, आणि उजवीकडच्या भिंतीमागे जत्रेतल्यासारखा लाकडी रोलर कोस्टर.

आम्ही सामन्याच्या दोन तास आधी पोचलो. खेळाडूंचा सराव चालला होता. एक प्रशिक्षक बॅटने जमिनीलगत चेंडू मारत होता आणि चार-पाच मुलं ते उचलून फेकत होती. त्यातल्या एका मुलाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. आधी तो शॉर्टस्टॉपला उभा राहिला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध. पंधरा-वीस चेंडू घेतले. मग दुसऱ्या बेसकडे गेला. मग कुंपणापाशी जाऊन बॅगेतून दुसरा ग्लोव्ह काढला, जरा मोठा, आणि तिसऱ्या बेसवर उभा राहिला. मधल्या जागांसाठी ग्लोव्ह लहान आणि उथळ लागतो, कारण चेंडू त्यात अडकून चालत नाही, हाताला लगेच सापडावा लागतो. तिसऱ्या बेसवर चेंडू अंगावर येतो, तिथे थोडा मोठा बरा. आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या दूरच्या भागात, उभं केलं तर आणखी मोठा. त्या मुलाच्या बॅगेत चार ग्लोव्ह होते. प्रत्येक चामडं तेल लावून, चेंडू बांधून ठेवून, मळून मऊ केलेलं. सुताराच्या पेटीतले रंधे आठवले मला.

पिट्सबर्गला मॅगीचं काय काम होतं ते त्या बॅगेने मला सांगितलं. कोणाचीही जागा रिकामी झाली तर ती भरायची. आज सेकंड बेस, उद्या थर्ड, परवा बाकावर. आपली अशी जागाच नाही, म्हणून सगळ्या जागा यायलाच हव्यात.

आणि त्या जागा सोप्या नाहीत. दोन बेसमध्ये अंतर ९० फूट. चेंडू मारून बॅटर पळत सुटला की साधारण सव्वाचार सेकंदांत पहिल्या बेसवर पोचतो. तेवढ्यात डबल प्ले करायचा, म्हणजे एका फटक्यावर दोघांना बाद करायचं. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलायचा, सेकंड बेसवाल्याकडे छातीच्या उंचीवर द्यायचा, त्याने बेसला पाय लावून, अंगावर येणाऱ्या धावपटूला चुकवून, वळून पहिल्या बेसवर फेकायचा. स्कोअरबुकात हे सगळं तीन आकड्यांत मावतं: ६-४-३. सहा म्हणजे शॉर्टस्टॉप, चार म्हणजे सेकंड बेस, तीन म्हणजे फर्स्ट बेस. मागे बसलेल्या एका आजोबांनी मला ही खूण समजावली. माझी वही पाहून त्यांना आनंद झाला आणि त्यांनी आपली पुढे केली. भाषा वेगळी, पण पेन्सिलीने कोपऱ्यात केलेली खाडाखोड अगदी माझ्यासारखी.

मॅगीच्या कहाणीतला माझ्या जिवाला लागलेला प्रसंग मात्र एप्रिल २०२३ चा नाही. तो २०२१ च्या सप्टेंबरातला आहे. ट्विन्सनी त्याला मुख्य संघात बोलावलं. अंगावर मेजर लीगचा गणवेश चढला, तो डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, बसला. आणि एकाही सामन्यात त्याला खेळायला न मिळता त्याला परत खाली पाठवलं. अकरा वर्षं चालून माणूस देवळाच्या पायरीशी पोचावा आणि गाभाऱ्याचं दार लागावं, तसं. तरी तो २०२२ मध्ये खेळला. २०२३ मध्येही खेळला.

आपल्याकडे हे दुःख अनोळखी नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, पण भारताची टोपी त्यांच्या डोक्यावर आली नाही. अमोल मुझुमदारने मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या, कारकिर्दीत ११,१६७ धावा जमवल्या, तरी कसोटी नाही. शिवलकर सर गोलंदाजी करताना ज्याने पाहिलेत त्याला मॅगीसाठी उभं राहिलेलं ते मैदान समजावून सांगावं लागत नाही. दोघांमध्ये फरक आहे, शिवलकर तर फार थोर गोलंदाज होते. पण वाट पाहण्याची जात एकच.

पिट्सबर्गला जागा कशी झाली? ब्रायन रेनल्ड्स हा पायरेट्सचा मुख्य खेळाडू. त्याला घरच्या दुःखासाठी काही दिवसांची रजा घ्यावी लागली आणि मॅगीला निरोप गेला. रेनल्ड्सने त्याच आठवड्यात क्लबशी ८ वर्षांचा करार केला, १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरचा. यात रेनल्ड्सचा काही दोष नाही, तो तेवढा चांगला खेळतो. पण एकाच ड्रेसिंग रूममध्ये, शेजारच्या खुंट्यांवर, ही दोन नशिबं टांगलेली होती. अल्टूनाच्या मॅनेजरने मॅगीला सगळ्या संघासमोर ही बातमी सांगितली तेव्हाचं चित्रण उपलब्ध आहे. वयाने दहा-दहा वर्षांनी लहान पोरं त्याच्या अंगावर तुटून पडतात. त्यातल्या प्रत्येकाला तीच जागा हवी होती, हे लक्षात ठेवून ते पाहावं.

स्ट्राइकआउटनंतर काही दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये त्याला पहिला हिट मिळाला, म्हणजे चेंडू मारून त्याने सुखरूप बेस गाठला. पायरेट्सनी तो सामना १६-१ असा जिंकला, म्हणजे त्या एका हिटने सामन्याचं काही बिघडणार नव्हतं की सुधारणार नव्हतं. पण सहकारी डगआउटच्या कठड्यावर चढून ओरडत होते.

मग तो पुन्हा मायनर लीगमध्ये गेला. पुन्हा मंगळवार ते रविवार रोज सामना, सोमवारी सुट्टी आणि बसचा प्रवास.

अल्टूनाहून आल्यावर मी माझ्या वहीचं एक कोरं पान घेतलं आणि त्यावर मॅगीची मेजर लीगची ओळ लिहिली. सामने ३, बॅटिंगच्या वेळा ६, हिट २. तेवढ्याने पान रिकामं दिसायला लागलं. म्हणून डाव्या समासात, जिथे आम्ही पूर्वीची बेरीज पुढे ओढतो, तिथे ११५५ लिहिलं.

नमस्कार.